बिरूच्या वाघरी

माझा धाकटा भाऊ बिरू बारामतीच्या एका कंपनीत प्रोग्राम लिवायचा. गावोगावी लोक डेअरीत दूध घालत्यात न्हवं, त्येचं माप, फॅट, बिल सगळं ह्येचा प्रोग्राम सांभाळायचा. आमी वरकुटे गावची. आमच्या वडलांनी, आबांनी, जलमभर मेंढरं राखली आन् ह्यो कम्प्युटरवर! भावकी तोंडात बोटं घालायची.

पण डोकं मेंढपाळाचंच. नुस्त्या वळी वाचून प्रोग्राम कुणाला कळत न्हाय, म्हणायचा, त्येचं चित्र काढावं लागतं. बाकीचे चौकोन काढायचे, ह्यो वाघरी काढायचा. वाघर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी. एकीत माप, दुसरीत फॅट, तिसरीत बिल. कुठल्या दारानं काय आत जातं, कुठनं भाईर पडतं, ते बाण मारून दावायचा. दार चुकलं की कोकरू भलत्याच मेंढीखाली जातं, म्हणायचा. नवी पोरं हसायची, पण शिकायची त्येच चित्रावरनं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्येच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात वाचला, पाय वाचला. डोक्यातलं काय गेलं ते मातुर डॉक्टर बी नीट सांगंनात.

त्येच्या कंपनीतल्या मनिषा मॅडम लई मायाळू. घरी येऊन म्हणाल्या, "बिरू, प्रोग्राम लिहायचं राहू दे. सगळ्याचं चित्र तेवढं काढून दाखव. वरच्यांना दाखवते, नव्या पोरांना शिकवायला ठेवून घेतील तुला."

तवापास्नं त्येला दुसरं काय सुचंना. कवाबी बघा, खडू घिऊन फरशीवर. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, "थांब गं आक्का, एक दार ऱ्हायलंय." खोटं कशाला बोलू, माझा जीव हरखायचा.

मॅडम परत आल्या त्या दिवशी त्येनं इस्त्रीचा सदरा घातला. भला मोठा कागद अंथरला. हात जरासुदीक कापला न्हाय. वाघरी झाल्या, दारं झाली, बाण झालं. मॅडमच्या तोंडावर हसू आलं. मंग तो आत नावं लिवाय लागला. कबरी. मोरी. लंगडी. चांदी.

अगं बाई! आबांनी कवाच इकून टाकलेली मेंढरं ती. लहानपणी आमी दोघं राखायचो. माप न्हाय, फॅट न्हाय, बिलाचं तर नावच न्हाय.

"बरोबर हाय न्हवं, मॅडम?"

"छान काढलंस," म्हणत त्यांनी कागदाची घडी केली. दारात चप्पल घालताना माझा हात घट्ट धरला. त्या मेल्या देवाला दुसरं कुणी घावलं न्हाय व्हय?

बिरू लई खूश. सदरा काढून त्येनं निगुतीनं खुंटीला अडकवला.

"आक्का, उद्या डबा लवकर दे. पयल्याच दिवशी उशीर नगं."

"व्हय," म्हणलं. दुसरं काय म्हणणार? सकाळी उठून मी डबा भरला.