दुसरा रकाना

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९६४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. मी रमाआत्याच्या स्वयंपाकघरात हरणीसाठी ताकात नाचणीची भाकरी कुस्करत होते. रुग्णालयाचा शिपाई दारातच उभा राहिला, चार शब्द बोलला आणि सायकलवर बसून निघून गेला. हरणीने भांड्याला तोंड लावले नाही. ती दाराशी जाऊन बसली. मी घड्याळाकडे पाहिले. प्रयोगशाळेने लावलेली ही सवय... काही घडले की आधी वेळ टिपायची, मग त्याचा अर्थ लावायचा. अर्थ लावायला मला हे इतके आठवडे लागले.

रमाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचे घराणे बंगळूरला येऊन इतक्या पिढ्या लोटल्या की मराठी घरात उरली आणि उंबऱ्याबाहेर कन्नड सुरू झाली. जयनगरात तिला लहानथोर सगळे ‘अक्का’ म्हणत. तिचे सासर मुधोळचे. यजमान गेल्यावर सासरच्यांनी विचारले, काय हवे ते सांग. तेव्हा तिने शिकारी कुत्रीचे एक पिल्लू, हीच हरणी, मागून घेतले आणि बंगळूरला परत आली. त्या भागातली ही नामांकित जात आहे. लांब निमुळते तोंड, पाठीला भिडलेले पोट, कातडीखाली स्पष्ट दिसणाऱ्या बरगड्या. धावण्यासाठी घडलेल्या या शरीरावर चरबी चढत नाही, चढली तर तो आजार समजावा. परंतु जयनगर तेव्हा नव्याने वसत होते. कँटोन्मेंटमधल्या साहेबांकडचे गुबगुबीत अल्सेशियन पाहून कुत्रे कसे असावे याविषयी लोकांची खात्री झालेली होती.

शेजारी वेंकोबराव राहत. आमच्यातलेच, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. पहिल्याच महिन्यात ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, “अक्का, तुमचे सोमवार, शनिवार, एकादश्या... ते तुमचं पुण्य. त्या मुक्या जनावराला कशाला उपास? त्याला स्वल्प घाला की जेवायला!”

“घालते हो वेंकोबराव. तुमच्याआधी जेवते ती.”

“मग जातं कुठं?”

“पळण्यात. तुम्हीही सकाळी पळून बघा.”

वेंकोबराव हसले नाहीत. त्यांच्या घरातून भिंतीवरून शिळा भात पडू लागला. मग दुसऱ्या घरातून इडल्या, तिसऱ्यातून लग्नातले उरलेले चिरोटे. हरणी परक्याच्या हातचे खात नसे. ती नुसते हुंगून बाजूला होई. तेव्हा गल्लीने नवा निष्कर्ष काढला: अन्न घेत नाही, लाळ गळते, डोळे तांबूस आहेत, म्हणजे कुत्री पिसाळली. खाल्ले असते तर उपाशी ठरली असती, खाल्ले नाही म्हणून पिसाळलेली ठरली. कोणतेही निरीक्षण ज्याला खोटे पाडू शकत नाही असे अनुमान आम्ही प्रयोगशाळेत फेकून देतो. जयनगरात त्याची लेखी तक्रार झाली.

कुत्री धरणारी गाडी आली त्या दिवशी मी तिथे होते. फासा घेतलेला माणूस फाटकात उभा, मागे सगळी गल्ली. आत्या पायरीवरून उतरली, हरणीजवळ बसली आणि तिने आपला उजवा हात मनगटापर्यंत तिच्या तोंडात घातला. “आता किती वेळ असं बसू, सांगा,” ती कन्नडमध्ये म्हणाली. हरणी शेपूट हलवत राहिली. गाडीवाला ओशाळून “सरी अम्मा, सरी” म्हणत परत गेला. गर्दीतून मात्र स्पष्ट ऐकू आले, “आज नाही चावली. उद्या?”

तक्ता लावायची कल्पना माझी. आकड्यांपुढे माणसे नमतात यावर तेव्हा माझा विश्वास होता. कोपऱ्यावरच्या मुनियप्पाच्या लाकडाच्या वखारीत मोठा काटा होता. हरणी त्या हलत्या फळीवर एकटी चढायला तयार नसे, आत्या शेजारी उभी राहिली तरच चढे. म्हणून दर रविवारी आधी दोघींचे वजन, मग एकट्या आत्याचे, मग वजाबाकी. तीन रकान्यांचा तो तक्ता मी फाटकावर लावला आणि खाली जनावरांच्या डॉक्टरांचा अभिप्राय लिहिला: या जातीच्या मादीला हेच वजन योग्य.

लोक थांबून तक्ता वाचत. वेंकोबराव तर पेन्सिल घेऊन येत. तीस वर्षांची सवय! एका रविवारी माझ्यासमोर त्यांनी आकड्यांवरून पेन्सिल फिरवली. “सदुसष्टातून पंचेचाळीस... बावीस. वजाबाकी बरोबर आहे हो,” ते म्हणाले. “पण आकडे तुमचेच, काटा तुमच्या ओळखीचा. कुत्री डोळ्यांना दिसते ना!”

पावसाळ्यात त्याच दुसऱ्या रकान्यात बावन्न होते.

संध्याकाळी मी आत्यासमोर बसले. “आत्या, दुसरा रकाना बघितलास?”

“तो वजा करायचा असतो ना? मग कर की वजा.”

मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेले. पोटात गाठ निघाली. ताबडतोब दाखल व्हा, म्हणाले. तिने नकार दिला आणि कारणही माझ्याच पद्धतीने, पायरीपायरीने मांडले. “तू हॉस्टेलात. तिथं कुत्रं चालत नाही. मी पलंगावर पडल्यावर फाटकाशी कोण बसणार? दुसऱ्या दिवशी गाडी येईल. तू हिला ठेवणारं घर शोध, मी त्याच दिवशी येते.”

मी घरोघर फिरले. नातेवाइकांकडे गेले, मैत्रिणींकडे गेले, ज्या घरांतून इडल्या पडत त्या घरांतही गेले. “अय्यो, आमच्याकडे लेकरं आहेत!” “अक्का गेल्या तर ती आमच्यावरच उलटेल.” वेंकोबरावांनी सहानुभूतीने सुचवले, “गाडीवाल्यांना देऊन टाका. त्याचेही हाल संपतील.” ज्या जिवाची त्यांना इतकी दया येत होती त्याला पडवीचा एक कोपरा देणारे घर त्या गल्लीत नव्हते. शेवटी संशोधनाच्या मार्गदर्शकांशी भांडून मी हॉस्टेल सोडले आणि आत्याच्या घरी राहायला आले. त्या दिवशी ती शब्द दिल्याप्रमाणे दाखल झाली. शल्यविशारदांनी पोट उघडले आणि तसेच शिवले. दोन महिने आधी का नाही आणले, त्यांनी मला विचारले.  “शेजाऱ्यांना विचारा” हे उत्तर वैद्यकीय नोंदीत बसत नाही.

शेवटच्या भेटीत तिने एकच विचारले, “रविवारचं वजन?” काटा नादुरुस्त आहे, असे मी म्हटले. तिच्याशिवाय हरणी फळीवर चढली नव्हती.

तेराव्याला सगळी गल्ली जेवायला होती. वेंकोबराव डोळे पुसत म्हणाले, “किती वाळल्या होत्या हो अक्का! आम्ही बघत होतो ना. वाटलं, उपास वाढवलेत.”

“बघत होतात?”

“म्हणजे काय! रोज.”

मी त्यांच्या पानात पायस वाढले. आणखी काय करणार होते? त्यांनी ते आणखी मागून घेतले, आणि उठताना हळूच म्हणाले, “आता तरी त्या कुत्रीला पोटभर घाला.”

पुढच्या रविवारी मी हरणीला वखारीत नेले. मुनियप्पाने काटा मोकळा केला. हरणी बराच वेळ खाली उभी राहिली, रस्त्याकडे पाहत... मग आपण होऊन फळीवर चढली आणि अगदी कडेला उभी राहिली, आत्यापुरती जागा सोडून. दर रविवारी ती त्याच कडेला उभी राहायची. मुनियप्पाने दांडीवरचे वजन सरकवले, आकडा सांगितला आणि तोंड फिरवले.

तक्ता अजून फाटकावर आहे. त्या दिवशीच्या ओळीत पहिला रकाना कोरा आहे, दुसरा कोरा आहे. तिसऱ्यात मी लिहिले: बावीस किलो.