ताणलेली टेप

बाळांनो, काल पडद्याची दुमड मोजताना माझी जुनी कापडी टेप स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली. पंचवीस इंचांत ती करंगळीच्या नखाएवढी ताणली गेली होती.

लगेच मानसरोवर कॉलनीतल्या घराची गच्ची आठवली. बारावीनंतरच्या सुट्टीत तुमचा बाबा तिथे इलेक्ट्रिक गिटार बनवत होता. गिटारची मान विकत आणलेली. तिच्यासोबतच्या कागदावर तारेची लांबी दिली होती, साडेपंचवीस इंच. बरोबर तेवढ्या अंतरावर ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, बसवायचा होता.

"आई, स्टीलची पट्टी आहे?"

मी हीच टेप पुढे केली. "हिने अख्ख्या कॉलनीचे ब्लाउज शिवलेत."

त्याने भोकं पाडली, तारा चढवल्या. मोकळी तार सुरात वाजायची, पण बोट वर सरकवत नेलं की सूर हवा त्यापेक्षा उतरत जायचा. भुशाच्या वासात तो तोंड पाडून बसला होता आणि मी ओरडले, "नीट मोजायला काय होतं? धांदरट!"

काल त्याला फोन करून टेपचं सांगितलं. तो हसला. "मला तेव्हाच कळलं होतं, आई."

"मग बोलला का नाहीस?"

"मतलब, तू ऐकलं असतंस?"

त्याचा राग आला, त्याहून जास्त माझा. तुमची सगळी झबली मी याच टेपने बेतली. सैल होत होती का? खरं सांगा.