नानांची मेंढरं मी मोजली

"बी.ए., तू मोज. मोठ्याने मोज. तुझ्या बापाला ऐकू गेलं पाहिजे."

साहेब बांधावर खुर्ची टाकून बसले होते. खुर्ची रानाच्या मालकाने घरून आणवली होती. पेठच्या पठारावरचं ते बटाट्याचं रान, मे महिन्यात मोकळं पडलेलं. कोकणातून परतलेली आमची मेंढरं खतासाठी तिथे बसवली होती. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी माझे वडील उभे होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांनी पटका काढून हातात धरला होता. काढा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होतो. सुया उकळायच्या, लसीच्या बर्फाचा थर्मास वाहायचा, साहेब सुई मारतील तेव्हा जनावर धरायचं. वर साहेबांची गाडी धुवायची. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, मास्तर व्हायचं होतं. साहेबांना हे कळल्यापासून त्यांनी माझं नावच टाकून दिलं. बी.ए., पाणी आण. बी.ए., शेण काढ.

त्या दिवशी लस साठ मेंढरांची आणली होती. मेंढरं जास्त निघाली.

आमच्यात कळपाचा आकडा तोंडाने काढत नाहीत. लेकरांची डोकी मोजत नाहीत, तशी मेंढरंही नाहीत. कोणी विचारलंच तर विसांत सांगायचं, तेही कमी करून. नाना संध्याकाळी वाघरीवरून नुसती नजर फिरवायचे आणि कुठली मागे राहिली ते सांगायचे. आठवडाभर आधी मी दवाखान्याच्या वहीसाठी विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, असत्याल तीन विसा. मी मेंढक्याच्या घरात वाढलेला. त्या तीन विसांचा अर्थ मला कळायला हवा होता. मी वहीत साठ लिहिलं.

चूक माझी होती. साहेब ओरडत होते नानांवर.

"खोटं बोलायची सवयच तुमच्या जातीला."

रानाचा मालक हसला. "जाऊ द्या राव, साहेब. मेंढकं ते. त्याला साठ काय अन् ऐंशी काय."

साहेबांनी आधी नानांनाच मोजायला सांगितलं. नाना मान खाली घालून उभे राहिले. एकदाच म्हणाले, "तेवढं नका करायला लावू साहेब." मग साहेब माझ्याकडे वळले.

मी मोजलं. एक एक मेंढी वाघरीतून बाहेर पडत होती आणि मी आकडे ओरडत होतो. बांधावर आठ-दहा माणसं जमली होती. विसापर्यंत आवाज कापत होता, नंतर सरावला. नानांनी पाठ फिरवली होती. त्र्याऐंशी भरली.

साठांना सुई मिळाली. तेवीस राहिली. थर्मासमध्ये दुसरी बाटली होती. सकाळी माझ्याच हातांनी ठेवली होती. ती त्यांना सहज पुरली असती. मी साहेबांकडे पाहिलं. ते मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "ती उद्याची. खोटं बोलल्यावर काय होतं ते कळू दे याला."

थर्मासचा पट्टा माझ्या खांद्यावर होता. मी काही बोललो नाही.

पुढच्या महिन्यात रानात नवं गवत आलं. ती लस ज्या रोगाची होती, त्याचा जोर कोवळ्या गवतावर असतो. सकाळी चरणारी मेंढी दुपारी पाय झाडून पडते. चार दिवसांत अकरा गेली. सगळी त्या तेविसांतली. नाना एकटेच खड्डे काढत होते. मी कुदळ घ्यायला गेलो तर त्यांनी दिली नाही. मग खड्ड्यातूनच, वर न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिशी दुसरी बाटली व्हती का रं?"

मी म्हणालो, नव्हती.

ते म्हणाले, "मग माझ्यामुळंच गेली म्हनायची. मी खरा आकडा सांगाया पायजे व्हता."

मला आठवतं, त्यांच्या हाताला माती लागली होती आणि त्याच हाताने ते तोंड पुसत होते.

त्यांनी उरलेली मेंढरं चाकणच्या बाजारात विकली. त्यानंतर अडीच वर्षं ते ओट्यावर बसून असायचे. रस्त्याने कोणाचा कळप गेला की उठून आत जायचे. गेले तेव्हाही त्यांच्या मनात तेच होतं. मी बिछान्याशी बसलो होतो. सांगायला वेळ होता. सांगितलं नाही.

तेराव्यानंतर कामावर गेलो. साहेब त्या दिवशी गोड बोलले. "आहे त्यात समाधान मानावं माणसाने. डोक्यावर पत्रा आहे, महिन्याला पगार आहे. आणखी काय पाहिजे?" मग गाडीची किल्ली माझ्यापुढे टाकली. मी गाडी धुतली.

त्या काळात ही नोकरी मला नकोशी झाली होती. औषधांच्या कपाटामागे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवायचो. गावात कोणी विचारलं तर सरकारी खात्यात आहे, एवढंच सांगायचो. वाटायचं, माझी जागा दुसरीकडे कुठेतरी आहे आणि ती मिळेपर्यंत इथे नुसतं उभं राहायचं. असा उभा राहणारा माणूस काय करतो ते मला ठाऊक झालं होतं. तो बाटली खांद्यावर असून गप्प बसतो.

पुढच्या मेपासून मी लसीच्या आदल्या दिवशी सायकलने मेंढक्यांच्या मुक्कामावर जाऊ लागलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी वाघर उघडायच्या वेळी तोंडाशी उभा राहायचो. हात खिशात. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत राहायचा. तोंडातून अक्षर नाही. मेंढक्यांना कळायचं. चहा द्यायचे. दुसऱ्या दिवशी लस पुरी असायची, थोडी जास्तच.

दवाखाना तोच, काम तेच. शेणात बसून मेंढीचं खूर साफ करताना एकदा दुपार उलटून गेली. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून परीक्षेची आठवणही झाली नव्हती. जखम धुऊन झाल्यावर ती मेंढी उठून चालू लागली. मी तिच्याकडे बघत बसलो. बरं वाटत होतं. नानांना हे दाखवता आलं असतं तर, असं वाटून मग रडू आलं. तेव्हापासून मला कामात समाधान मिळतं आणि त्याला हे रडूही चिकटलेलं असतं. पुस्तकं मी वाचतो अजून, पण कपाटामागे ठेवत नाही.

काही वर्षांनी माझी बदली जुन्नर तालुक्यात झाली. साहेब तोवर बढती घेऊन वर गेले होते. एकदा ते तपासणीला आले. ओझरच्या रस्त्याला एका म्हातारीच्या कळपाला लस द्यायची होती. सोबत आमचे नवे डॉक्टर होते. साहेबांनी वही मागितली, आकडा पाहिला आणि म्हणाले, खरा कशावरून? मग म्हातारीला हुकूम केला. मोज, मोठ्याने.

म्हातारी म्हणाली, "लेकरावानी हायती साहेब. तोंडानं कशी मोजू?"

साहेबांनी मला ओळखलं. हसले. "बी.ए., तू मोज. तुला सवय आहे."

मी थर्मास नव्या डॉक्टरांपुढे ठेवला. आवाज नीट निघाला.

"मी मोजणार नाही. आजीही मोजणार नाहीत. आकडा मी काल स्वतः आणला आहे. लस पुरी आहे. सुई भरा."

"तू शिपाई आहेस. कोणाशी बोलतोस?"

"तुमच्याशीच बोलतोय. ऊन चढतंय. जनावरं खोळंबलीत."

नव्या डॉक्टरांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी सुई भरली. साहेब गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी एकही मेंढी लसीवाचून राहिली नाही.

घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. ते पहिलं रान, माझं साठ, दुसरी बाटली, खड्ड्यापाशी बोललेलं खोटं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "ह्ये त्यांना सांगाया पायजे व्हतं." आणि पुन्हा निवडू लागली. तिने मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती.

आठवड्याने कागद आला. वरिष्ठांचा आदेश का पाळला नाही, तीन दिवसांत खुलासा करा. मी बसून सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला. झालं ते सगळं लिहिलं. दिलगिरीचं वाक्य घातलं नाही. कारकून म्हणाला, एक ओळ टाक भाऊ, प्रकरण मिटेल. मी टाकली नाही.

बदली करायची असेल तर आहुप्याच्या डोंगरात करा. तिथेही जनावरं आजारी पडतात. पगारवाढ रोखायची तर रोखा. ही नोकरी आता माझी आहे आणि मी ती सोडणार नाही. यापुढे जनावराच्या धन्याला कोणी मान खाली घालायला लावणार असेल, तर त्याची गाठ आधी माझ्याशी पडेल.