शंभरातले त्र्याण्णव

माझ्या पत्नीला, सुमतीला, प्राणवायू पुरवणाऱ्या यंत्रावर हिरवा आकडा उजळलेला असतो : त्र्याण्णव टक्के. हे टक्के वजनाचे की आकारमानाचे, याचा उल्लेख माहितीपुस्तिकेतही नाही. तिचा श्वास अशा संदिग्ध आकड्याच्या हवाली करणे मला मान्य नव्हते. विक्रेत्याकडे खुलासा मागणारे पत्र मी कलमांसह, संतापाने लिहावयास घेतले.

"अहो, आकारमानाचेच," आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवत आलेली सुमती नळीआडून म्हणाली. "आणि वायूत जड कणाला जास्त जागा नसते. तापमान, दाब सारखा असला की सगळ्यांना सारखीच. म्हणून शंभरांतली त्र्याण्णव जागा म्हणजे शंभर कणांतले त्र्याण्णव कण. आकारमान मोजा, नाहीतर मोल, म्हणजे कणांची संख्या, मोजा; टक्के तेच."

मी लेखणी खाली ठेवली. ज्या समानतेसाठी मी इतके अर्ज खरडले, ती या खोलीतल्या हवेत विनाअर्ज पाळली जात होती. तिथे थोरामोठ्यांना राखीव आसन नव्हते.

"मग उरलेले सात कोण?"

"बहुतेक आरगॉन, निष्क्रिय वायू. तो कुणाशीच भांडत नाही. तुमच्या नात्यातला नव्हे."

ती हसली. हसताना तिला धाप लागली, तरी हसली. मी पत्राची घडी घातली आणि धाप ओसरेपर्यंत तिचे श्वास मोजत बसलो.