मुहूर्ताच्या तासातली लाल मेणबत्ती

विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत प्रेमलाची ओळख सांगायची तर काळजी करणारी बाई अशीच सांगावी लागेल. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत फिरायची. मुलाला कामावरून यायला उशीर झाला की गॅलरीतून वाकून वाकून तिची मान अवघडायची. माहेर कसबा पेठेतलं, शिक्षण बी. कॉम.; सासर मात्र धानोरीचं शेतकरी घर. त्या शेतांत आता सात-सात मजली इमारती उभ्या होत्या आणि नवरा, मच्छिंद्र, भोसरीच्या एका पंपांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसला होता.

शेअरच्या चार्टच्या नादाला ती लागली तीही काळजीपोटीच. मुलगा इंद्रजीत जेवण झालं की हॉलमधल्या कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि हिरव्या-लाल उभ्या पट्ट्यांकडे टक लावून बघत राहायचा. ना हसणं, ना बोलणं. पोरगा कशात अडकलाय हे तिला कळेना. शेवटी एके दिवशी तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मला शिकव."

"आई, तुला काय करायचंय?"

"तू कशात अडकलायस ते तुझ्या पत्रिकेपेक्षा ह्यात बरं कळेल असं वाटतं."

त्यानं हसत हसत शिकवलं. एक पट्टी म्हणजे एक मेणबत्ती. हिरवी म्हणजे भाव चढला, लाल म्हणजे उतरला. पहिल्या दिवशी तिनं माऊसचं चाक इतकं फिरवलं, की पडद्यावर एकच मेणबत्ती उरली, भिंतीएवढी हिरवी. "आता हिला परत लहान कशी करू?" असं ती ओरडली तेव्हा मच्छिंद्र आतून म्हणाला, "फुंकर मार." पण बाई चिकाटीची. दिवसाचा चार्ट कुठे, आठवड्याचा कुठे, दोन तळ जोडून रेघ कशी ओढायची, हे सगळं ती शिकली. इंद्रजीतनं तिला सरावाचं खातं उघडून दिलं. त्यात पैसे खोटे, भाव मात्र खरे. तिथं तिनं सर्वांत आधी मच्छिंद्रच्या पंपांच्या कंपनीचे शेअर घेतले, कारण बाजारातलं तेवढं एकच नाव तिच्या ओळखीचं होतं.

त्या कंपनीचे खरे शेअर घरात होतेच. कंपनी बाजारात उतरली तेव्हा कामगारांना ते स्वस्तात मिळाले होते. बाकीच्यांनी आठवडाभरात विकून कुणी मोटरसायकल घेतली, कुणी बहिणीचं लग्न उरकलं. एकट्या मच्छिंद्रनं ठेवले. पुढे गुडघे गेले, ओव्हरटाइम गेला, घरची जमीनही गेली. पण शेअरना त्यानं हात लावला नाही. "जमीन गेली, आता माझ्या कष्टाचं एवढंच हाय," तो म्हणायचा.

यंदा लक्ष्मीपूजनाला बाजाराचा मुहूर्ताचा तास संध्याकाळऐवजी भर दुपारी आला. सुट्टीतही बाजार तेवढाच तास उघडतो, आणि त्यात व्यापारी माणसं शकुनाची खरेदी करतात. मच्छिंद्रलाही एक शेअर घ्यायचा होता. एरवी इंद्रजीत त्याचं खातं मोबाईलवरच बघायचा, पण आज आपल्या अण्णांना मोठ्या पडद्यावर बघू दे म्हणून त्यानं ते पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर जोडलं. मच्छिंद्रनं सकाळीच कॉम्प्युटरची पूजा केली होती. कीबोर्डला झेंडूचं फूल वाहिलं होतं आणि ओल्या बोटानं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट लावलं होतं. शकुनाचा शेअर घेऊन झाला. मच्छिंद्र मोबाईल चार्जिंगला लावून फुलं आणायला आळंदी रस्त्यावर गेला, आणि इंद्रजीत दिव्यांच्या माळा लावायला गच्चीवर.

प्रेमला अनारशांचं पीठ झाकून बाहेर आली. कॉम्प्युटर चालूच होता. तिला वाटलं, आपणही आपल्या सरावाच्या खात्यात मुहूर्त करावा. नवी केरसुणी आणली, जुनी टाकली. तसं जुनं सगळं विकून कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी. खुर्चीवर बसली. यादीत कंपनीचं ओळखीचं नाव दिसलं. तिच्याही सरावाच्या यादीत तेच नाव पहिलं असायचं, म्हणून तिला वेगळं काही वाटलं नाही. तिनं 'सर्व विका' दाबलं. नक्की का, असं पडद्यानं विचारलं. तिनं नक्की म्हटलं.

आणि समोरची मेणबत्ती हिरवीची लाल झाली. नुसती लाल नाही. तिच्या डोळ्यांदेखत खाली घसरली, विहिरीत पोहरा सुटावा तशी.

प्रेमलाचा हात माऊसवरच राहिला. सरावात आपण कितीही विकलं तरी चार्ट हलत नाही. तो बाहेरचा बाजार, त्याला आपली गंधवार्ताही नसते. मग आज हा कसा हलला? मनाला समजावत होती, योगायोग असेल. तेवढ्यात मच्छिंद्रचा मोबाईल वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

तिनं जाऊन पाहिलं. विकले. विकले. विकले.

तिच्या तोंडून आवाज फुटला तो गच्चीवर कसा पोचला देव जाणे. इंद्रजीत माळेची वायर गळ्यात तशीच घेऊन धावत आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि अंगठ्यानं कोपऱ्यातलं कुंकू पुसून काढलं.

"अरे, कुंकू काय पुसतोस आजच्या दिवशी!"

"आई, वाच."

कुंकवाखाली लिहिलं होतं: खरं खातं.

तिनं ते दोनदा वाचलं. एवढी काळजी करणारी बाई. गॅस, कुलूप, वीजबिल, पोराचा ताप, सगळ्याची आधीच धास्ती घेऊन ठेवलेली. पण आपल्याच बोटाची धास्ती घ्यावी हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"आई, ऐक माझं. तास संपलेला नाही. आत्ता परत घेतले तर विकलेच नाहीत असं होईल. अण्णांना कळणारही नाही. मेसेज मी डिलीट करतो."

"त्यांच्या शेअरना मी हात लावला आणि त्यांनाच सांगायचं नाही?"

"नंतर सांग ना! आधी घेऊ तरी दे."

त्यानं घाईनं सगळ्या शेअरची मागणी एकदमच टाकली. आता मेणबत्ती हिरवी होऊन वर उसळली, कारण मुहूर्ताला त्या लहान कंपनीचे विकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि आपल्याकडे कोणीतरी घाबरून मागतंय हे त्यांनी ओळखलं.

"ऊठ," प्रेमला म्हणाली. "मागणी रद्द कर आणि ऊठ तिथून. मंडईत गेल्यावर सगळी टोपली एकदम मागतं का कोणी?"

ती खुर्चीवर बसली. थोडे मागितले, थांबली. भाव जरा खाली आला, आणखी थोडे मागितले. नजर मेणबत्तीवरून हलत नव्हती. दार वाजलं तेव्हाही तिनं मान वळवली नाही.

मच्छिंद्र फुलांची पिशवी घेऊन आत आला. "काय गं, मेल्यासारखे का बसलाय दोघं?"

"अहो," ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "तुमचे कंपनीचे शेअर मी विकले. सगळे. सरावाचं खातं समजून. आता परत घेतेय."

पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. इंद्रजीत काही बोलायला गेला तर मच्छिंद्रनं हात वर केला.

"सगळे?"

"हो."

"किती आले परत?"

"चौथा हिस्सा असेल."

"मग घे की. माझ्याकडं काय बघतीस?"

ती त्याच्याकडे बघत नव्हतीच. रडू मात्र आता आलं, आणि रडतरडतच ती घेत राहिली. शेवटी शेवटी विकणारेच उरले नाहीत. तास संपला. मेणबत्ती जिथं होती तिथं गोठली. अर्ध्याच्या आसपास परत आले होते.

"मुहूर्त झकास साधला," मच्छिंद्र दिवाणावर बसत म्हणाला. प्रेमलानं पदर तोंडाला लावला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो पुढे वाकून, चष्मा वर-खाली करत पडद्याकडे बघू लागला. इतक्या वर्षांत आपल्या शेअरचा चार्ट त्यानं कधी असा निरखून पाहिलाच नव्हता.

"राहिलेले कुणाकडं गेले?"

"म्हणजे?"

"घेणाऱ्याचं नाव काय?"

"नाव येत नाही अण्णा," इंद्रजीत म्हणाला. "कोण कुणाचे घेतं ते कळत नाही."

"कळतच नाही?" त्याला हे पटेचना. विकले गेले याहून हा धक्का मोठा होता. "अरे, जमीन विकली तवा समोर माणूस तरी व्हता. चहा पाजला त्यानं. आज तिकडनं जाताना दिसतं, हे त्याचं. आणि हे आयुष्यभराचं काम... कुणाला दिलं ते कळणारच नाही?"

प्रेमला उठून त्याच्याजवळ गेली. माफ करा हा शब्द इतका लहान वाटला, की तो तिनं उच्चारलाच नाही.

"उद्या घेऊ का बाकीचे?" तिनं हळूच विचारलं.

"उद्या पाडवा. बाजार बंद असतो, तूच शिकलीस ना?"

"मग परवा?"

मच्छिंद्रनं पिशवीतली फुलं परातीत ओतली आणि देठं खुडायला घेतली.

"नको," तो म्हणाला. "गेले ते गेले. आले तेवढे आपले. मला फक्त ह्या रेघा वाचायला शिकव. माझंच व्हतं, आणि तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

तिनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.