टॅक्सीचं इंजिन

गॅरेजांच्या त्या गल्लीत मेस्त्रीला सगळे ‘अस्सल’ म्हणत. साधा वायसर जरी डुप्लिकेट निघाला तरी त्याचं पित्त खवळायचं. घाईतलं गिऱ्हाईक तो दारातूनच वाटेला लावायचा आणि वर म्हणायचा, “उरकायचंच असेल तर शेजारी जा.” त्यामुळे शेजारच्या गॅरेजवाल्याचं छान चाललं होतं.

तर या अस्सल माणसाच्या दारात एका सकाळी त्याची वहिनी येऊन उभी राहिली. थोरल्या भावाला, दादाला, काचबिंदू झाला होता. एक डोळा केव्हाच गेला होता, आणि दुसऱ्याचंही कडेकडेनं दिसेनासं होत चाललं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

“भाऊजी, यांनी एकच धोशा लावलाय,” वहिनी म्हणाली. “बाबांची गाडी एकदा स्वतः चालवायची. रस्त्यावर नको, त्या बंद कारखान्याच्या पटांगणात का होईना. समोरचं दिसतंय तोवर.”

बाबांची गाडी गॅरेजच्या मागल्या शेडमध्ये इंजिनाविना उभी होती. तिचं मूळ इंजिन फळ्यांवर पडलेलं. बाबांच्याच हातून एकदा पाणी न घालता चाललं होतं ते. ब्लॉकला चीर गेलेली, पिस्टन जाम. आणि कोपऱ्यात त्याच कंपनीचं दुसरं इंजिन होतं, भंगारात निघालेल्या एका टॅक्सीचं. धूर ओकायचं, खोकायचं, पण चालायचं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले की आठवड्यात गाडीत बसलं असतं.

शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, यातलं कुठलं उचलायचं ते. मेस्त्री मात्र मूळ इंजिनाशी जाऊन बसला.

त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बाबांच्या गाडीत टॅक्सीचं इंजिन शोभतं का? पण खरी गोष्ट वेगळी होती. दादा शिकला, ऑफिसात गेला, इस्त्रीचे कपडे घालून वावरला. घरी पाहुणे आले की म्हणायचा, “हा आमचा धाकटा. गाड्यांचं बघतो,” आणि लगेच चहाचं विचारायचा. पाठीला पाठ लावून आलेला भाऊ, पण उभ्या जन्मात त्याने धाकट्याच्या कामाला ‘वा’ म्हटलं नव्हतं. आता बाबांचं तेच इंजिन, तोच आवाज दादाच्या कानावर पडावा आणि त्याने तोंडभरून ‘वा’ म्हणावं, ही मेस्त्रीची भूक होती. फार जुनी, आणि मोठी हट्टी.

दादाला त्याने टॅक्सीच्या इंजिनाबद्दल चकार शब्द सांगितला नाही. वहिनीने ते चालू झालेलं एकदा पाहिलं होतं. “हेच का नाही बसवत?” तिने विचारलं.

“वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं? दुधाची तहान ताकावर भागवायची का?”

ती बिचारी घरी निघाली. दिराच्या धंद्यात आपण कशाला बोला, असं तिला वाटलं.

काम निघालं ते निघालंच. बिडाच्या वेल्डिंगचा कारागीर गावाला गेलेला. तो आला, चीर बुजली, तर लेथवाल्याकडे नंबर लागेना. स्लीव्ह बसल्या, मग क्रँकची बेअरिंगं चुकीच्या मापाची आली, परत पाठवली. दुसऱ्या कुणी घासूनपुसून घातली असती. दादाचा फोन यायचा, “काय रे, कुठवर आलं?” मेस्त्री म्हणायचा, “आलंच.” पुढेपुढे फोन येईनासे झाले. तेव्हा खरं म्हणजे काळजात धस्स व्हायला हवं होतं. मेस्त्रीला मात्र बरं वाटलं. कामात कुणाची कटकट नाही.

अखेर कित्येक महिन्यांनी इंजिन गाडीत बसलं आणि चालू झालं ते अर्ध्या सेल्फला. असं बांधलं होतं की बॉनेटवर हात ठेवला तरी थरथर जाणवू नये, आवाज तेवढा बाबांच्या वेळचाच. त्याने दादाला बोलावणं पाठवलं.

दादा आला तो वहिनीचा खांदा धरून. उंबऱ्याशी तिने “पायरी” म्हटलं, तेव्हा त्याने पाय उचलला. मेस्त्रीच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

दादाने चाचपत बॉनेट गाठलं, मान तिरकी करून ऐकलं. “बाबांचंच इंजिन,” तो म्हणाला. “हुबेहूब. मानलं रे तुला. तुझ्या हाताला तोड नाही.”

जन्मभर हवं होतं ते मिळालं, आणि मेस्त्रीला ते कुठे ठेवावं कळेना.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली. “त्या कोपऱ्यातल्या इंजिनाचं यांना सांगितलं होतंत?”

“कुठलं इंजिन?” दादाने विचारलं.

“टॅक्सीचं होतं एक,” मेस्त्री म्हणाला.

“चालू?”

“चालू.”

“किती दिवसांत बसलं असतं?”

मेस्त्रीला खोटं बोलावंसं वाटलं, पण समोर वहिनी उभी होती. “आठवड्यात.”

दादा म्हणाला, “तेव्हा मला दिसत होतं.”

रागावला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मेस्त्रीने आनंदाने खाल्ल्या असत्या. दादाने फक्त बॉनेटवरचा हात काढला आणि बायकोचा खांदा शोधला.

“बंद कर ते,” तो म्हणाला. “उगाच पेट्रोल जळतंय.”