वन्संचा हुंकार

आधीच सांगून टाकते, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो मी बग मानतच नाही. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माझ्या मावशीला मी लहानपणापासून उलटतपासणी घेऊन बेजार केलंय. तेव्हा हे वाचून ओळखीच्यांना वाटेल, हिला काय झालं... वाटू दे.

२००६ सालचा नोव्हेंबर. इंग्लंडात लेस्टरमधलं आमचं सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी जोडलेली, खालची रस्त्याकडची खोली. सासूबाईंना जिना चढवत नव्हता, म्हणून त्यांचा पलंग तिथे आणला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. कान तर आधीच गेलेले - मशीन लावूनही उपयोग नाही, अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच थोडंफार पोचायचं. मी घरून काम मागून घेतलं होतं.

त्या खोलीत ऊब देणाऱ्या गॅस फायरच्या शेजारी त्यांचा जुना लाकडी रेडिओ होता. सासरे इथल्या हॉस्पिटलात लागले आणि पाठोपाठ आई, म्हणजे सासूबाई, आल्या तेव्हाचा, म्हणजे पन्नासच्या दशकातला. त्याचा प्लग जुन्या गोल पिनांचा, आता भिंतीतल्या एकाही सॉकेटमध्ये जात नाही. ज्यांच्याशिवाय तो वाजूच शकत नाही ते आतले काचेचे व्हॉल्व्ह माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, शाळेत असताना काढून फोडलेले. थोडक्यात काय, मनीप्लांट ठेवायचं स्टूल.

पण आईंनी इथला संसार उभा केला तो या रेडिओच्या तालावर. इंग्लिश येत नव्हतं, शेजारी कुणी आपलं नव्हतं. सकाळी कारखान्यातल्या कामगारांसाठी बँड वाजला की कणीक भिजवायची. गृहिणींसाठी कुणी बाई बोलायला लागली की कपडे धुवायचे. बोटींसाठीचं हवामान लागलं की वरण उतरवायचं. आणि दुपारी लहान मुलांची गोष्ट. तेव्हा तीन वर्षांच्या कुंदाला - मिलिंदच्या जन्माआधीच गेलेल्या माझ्या मोठ्या नणंदेला - गालिच्यावर बसवून तिच्या मुठीत चार तांदूळ द्यायच्या. आपल्याकडे श्रावणात कहाणी ऐकताना अक्षता धरतात ना, तसे. मध्येमध्ये 'हुं' म्हणायचं, हेही शिकवलेलं.

"रेडिओतल्या मडमेला कुठे ऐकू जाणार होतं," आई हसून सांगायच्या, "पण कहाणी म्हटली की हुंकार हवाच."

हसू तिथेच संपायचं. एके दिवशी कुंदाला ताप होता. गोष्ट होती धुक्यात वाट चुकलेल्या गाढवाची. गाढव पुलावर येऊन थबकलं आणि कुंदाचा डोळा लागला. झोप मोडू नये म्हणून आईंनी रेडिओ बंद केला. संध्याकाळी तिला हॉस्पिटलात नेलं, ती परत आलीच नाही.

"कहाणी अर्धी राहिली गं," त्या मला एकदा म्हणाल्या. "गाढव अजून पुलावरच उभं आहे."

मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

तर नोव्हेंबरातल्या त्या दिवशी... सकाळी मी किचनमध्ये लॅपटॉपवर होते. कुठूनतरी बँड वाजत होता. शेजारच्यांचा टीव्ही असेल, म्हणून लक्ष दिलं नाही. मग एक बाई कडक इस्त्रीच्या इंग्लिशमध्ये जुन्या ब्लँकेटचा कोट कसा शिवावा ते सांगायला लागली. तेव्हा आठवलं, शेजारचे तर सुट्टीवर गेलेत. आईंची पेज घेऊन मी खोलीत गेले. बोटींसाठीचं हवामान चाललं होतं. रेडिओची काच पिवळी उजळली होती आणि प्लग समोर गालिच्यावर पडलेला.

मी मिलिंदला ऑफिसात फोन लावला.

"आईंचा रेडिओ चालू आहे."

"अगं, त्यात आत काही नाहीये. तू जेवलीस का?"

आईंना ऐकू येत नव्हतं, पण दिवा दिसत होता. "काय लागलंय?" त्यांनी विचारलं.

"बोटींचं हवामान," मी कानाशी ओरडले.

"मग आता तिची गोष्ट लागेल. तांदूळ आण."

मी आणले. त्यांच्या मुठीत दिले. "तिलाही दे," त्या म्हणाल्या. त्यांचं मन राखायला मी गालिच्यावर चिमूटभर ठेवले.

गोष्ट सुरू झाली. गाढवाचीच. एकेक वाक्य मी मराठी करून त्यांच्या कानात ओरडत होते. गाढव पुलावर आलं. आणि गालिच्यावरून, अगदी खालून, झोपाळू आवाज आला - "हुं."

गोष्ट थांबली नाही. मालकिणीनं फाटकात उभं राहून बादली वाजवली. त्या आवाजाच्या रोखानं गाढव धुक्यातून चालत राहिलं. "हुं." थेट गोठ्यात गेलं. "हुं."

"आई, आलं गाढव घरी."

"आलं?" त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"आई... वन्सं हुंकार देताहेत."

त्या गालिच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी अजीजीनं म्हणाल्या, "मला नाही गं ऐकू येत. तिला सांग ना, जरा मोठ्यानं म्हण."

मी, टेस्टिंगवाली, रिकाम्या गालिच्यासमोर गुडघे टेकून बसले. "वन्सं, जरा मोठ्यानं म्हणा. आईंना ऐकू येत नाहीये."

"हुं." तेवढ्याच इवल्या आवाजात.

"म्हणाली?"

"म्हणाल्या, आई."

"मला नाही आलं," त्या म्हणाल्या. काच विझली.

त्याच आठवड्यात आई गेल्या. गालिच्यावरचे तांदूळ मी झाडले नव्हते, पण ते तिथे नव्हते. मिलिंद म्हणतो, तुला जागरणं झाली होती. झालीच होती. रेडिओ मी स्वतः मागून उघडून पाहिला, आत धूळ आणि रिकामी भोकं.

आवाज आला कुठून, हे मला आजही माहीत नाही, आणि खरं तर आता विचारतही नाही. एकच विचारते. जी आई पन्नास वर्षं त्या एका हुंकारासाठी कान देऊन होती, तिला सोडून तो मला का ऐकू आला?